मुलांचं खाणं आणि खेळणं : पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

बरीच वर्षं मी पालकांशी मुलांच्या आहाराबद्दल बोलते आहे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहूनच काढले. माझ्या घरातही दोन मुलं आहेत. दुसऱ्यांना दिलेला सल्ला घरी उलटतो तेव्हा काय होतं हेही त्यामुळे मला नीट ठाऊक आहे.

वर्षाचा होईपर्यंत छान खायचा. आता ताटाकडे बघतही नाही. काय बिघडलं?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात त्यात भर पडते ती साधारण अडीच किलोची, आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला दोन-तीन किलोंची. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. आपल्या डोळ्यांसमोर मात्र दहा महिन्यांचं, वाटी चाटूनपुसून खाणारं बाळच असतं आणि आपण त्याच मापाने वाढत राहतो.

त्यात साधारण दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतात. कालपर्यंत खाल्लेलं गाजर आज वेगळं चिरलं तरी ‘हे नको’. या वयात नन्नाचा पाढा चालायचाच. एका जेवणावरून किंवा एका दिवसावरून काहीच ठरवू नका. आठवडाभर काय काय पोटात गेलं ते आठवून बघा, चित्र बरंच बरं दिसेल. दोन जेवणांच्या मधे काय जातं तेही बघा. दर तासाला एखादं बिस्कीट किंवा अर्धा कप दूध मिळत असेल तर जेवायच्या वेळी भूक येणार कुठून?

मग किती खाल्लं म्हणजे पुरे?

हे तुम्ही ठरवायचंच नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली कामाची वाटणी जगभर वापरली जाते आणि मला तिच्याहून सोपं काही सापडलेलं नाही. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय आणि किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे मुलाने ठरवायचं. बस्स.

ऐकायला सोपं आहे, करायला महाकठीण. पहिल्या आठवड्यात मूल तुमची परीक्षा बघणार. माझ्या धाकटीने एका रात्री फक्त भात खाल्ला, तोही कोरडा, एकेक शीत उचलून. समोर डाळ, काकडी, अंडं, सगळं होतं. मी जीभ चावून गप्प बसले. दुसऱ्या रात्री पुन्हा भात. तिसऱ्या रात्री तिने काकडीची चकती उचलली, मधल्या बिया खाल्ल्या आणि कड ताटात परत ठेवली. मी बघितलंच नाही असं दाखवलं. यातलं सगळ्यात अवघड काम हे न बघणंच आहे.

एक पथ्य मात्र पाळा. प्रत्येक जेवणात मूल हमखास खातं असा एक तरी पदार्थ असू द्या, म्हणजे ते उपाशी उठणार नाही. आणि जेवण नाकारल्यावर दहा मिनिटांनी वेगळं काही करून देऊ नका. पुढचं खाणं दोन-तीन तासांनी आहेच.

ताटातलं संपवून उठायचं, ही शिस्त नको का?

ताटात टाकू नये हे मलाही पटतं. पण त्यावरचा इलाज कमी वाढणं हा आहे, जबरदस्तीने संपवायला लावणं हा नाही. लहान मुलांसाठी एक ढोबळ माप आहे : वय जितकी वर्षं, तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. तीन वर्षांच्या मुलाला तीन चमचे भाजी. लागलं तर मागून घेईल.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देत. काही वेळा ‘सूप संपव’ असं सारखं सांगत, काही वेळा काहीच बोलत नसत. कुणी बोललं नाही तेव्हा मुलं जास्त सूप प्यायली आणि कुरकुरही फारच कमी केली. ‘अजून एकच घास’ म्हणताना आपण नेमका तोच घास नकोसा करतो.

शिवाय पोट भरल्याची जाणीव मुलांना उपजत असते. ‘भरलं पोट’ असं तिने सांगावं आणि आपण ‘काही भरलं नाही’ म्हणावं, हे रोज झालं तर ती कुणाचं ऐकायला शिकेल? पोटाचं तर नक्कीच नाही.

भाजी दिसली की नाक मुरडतो. किती वेळा प्रयत्न करायचा?

तुम्ही सोडून देता त्याच्या पुढे बराच काळ. नवी चव आपलीशी व्हायला मुलांना अनेकदा आठ ते पंधरा वेळा ती चाखावी लागते. पालक बहुधा तीन-चार वेळांतच निकाल लावून मोकळे होतात : ‘आमच्याकडे वाटाणे खात नाहीत.’

आमच्याकडे वाटाण्यांचंच प्रकरण झालं होतं. पहिल्या वेळी ते ताटाच्या कडेला रांगेत लावले गेले. दुसऱ्या वेळी एक दाणा बोटांनी दाबून त्यातून आतली डाळिंबी कशी निसटते ते बघून झालं. तिसऱ्यांदा तोंडात गेला आणि बाहेर आला. मधे पाच-सहा वेळा काहीच नाही. मग एके दिवशी भांड्यातले गोठवलेले, अजून कडक असलेले वाटाणे धाकटीने येता-जाता गोळ्यांसारखे खाल्ले. शिजवलेला, मऊ वाटाणा तिला आजही फारसा आवडत नाही. म्हणजे नाराजी चवीवर नव्हतीच, ती त्या पिठूळपणावर होती.

हे फार घरांत होतं. मूल ‘गाजर नको’ म्हणतं तेव्हा त्याला कदाचित उकडलेलं गाजर नको असतं. तेच किसून, भाजून किंवा कच्चं देऊन बघा. (चार-पाच वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचे जाड तुकडे, अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे किंवा बदाम, पॉपकॉर्न देऊ नका. घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा.) हिरव्या पालेभाज्यांचा कडवटपणा मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त जाणवतो. ते नाटक नसतं. थोडं तेल, लिंबू किंवा दही घातलं की तो बोथट होतो.

चाखायला दिलं तर थुंकायची मुभाही द्या. कागदी रुमाल शेजारी ठेवा. बाहेर काढता येईल ही खात्री असली की मूल तोंडात घालायला कमी घाबरतं. आणि तोंडात न घालता नुसतं धुतलं, सोललं, वासच घेतला, तरी ती ओळखच आहे.

एक वेगळी माहिती, जिच्या घरी अजून बाळ यायचं आहे तिच्यासाठी. संशोधक जुली मेनेला यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं होतं, की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आई गाजराचा रस पीत असेल तर पुढे बाळ गाजराच्या चवीचं खाणं अधिक आनंदाने घेतं. चवीची तोंडओळख घास भरवण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

भाजी वाटून, लपवून घातली तर चालेल ना?

चालेल. पोटात जाईल. पण भाजीशी ओळख होणार नाही, म्हणून तीच भाजी दिसेल अशीही ताटात ठेवत जा. आणि विचारलं तर खरं सांगा. एकदा फसवणूक उघडी पडली की मूल पुढचे सहा महिने प्रत्येक घास उकरून बघतं.

‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदा का वाईट? आमच्याकडे चालतो.

त्या दिवसापुरता चालतो. पण मूल त्यातून काय शिकतं? भाजी ही सोसायची गोष्ट, चॉकलेट हे बक्षीस. मानसशास्त्रज्ञ लिॲन बर्च यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत बक्षिसासाठी प्यायला लावलेलं पेय मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागलं होतं.

गोड द्यायचंच असेल त्या दिवशी ते जेवणाबरोबरच, एक छोटा तुकडा, ताटातच ठेवून बघा. त्याने आधी खाल्लं तरी खाऊ दे. पहिल्यांदा मलाही हे वेडेपणाचं वाटलं होतं. चार-पाच वेळांनंतर त्या तुकड्याचं अप्रूप संपतं आणि वाटाघाटीही संपतात.

मग गोड पूर्ण बंद करावं का?

घरात बंदी असलेली वस्तू मित्राच्या वाढदिवसाला दुप्पट खाल्ली जाते. डोळ्यांसमोर ठेवून मनाई केलेल्या खाऊभोवतीच मुलं घुटमळत राहतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. म्हणून बंदीपेक्षा ती गोष्ट रोज घरात न आणणं बरं. कपाटात नाही, तर भांडणही नाही.

माप हवं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं आहे : वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, ५ टक्क्यांखाली आली तर उत्तम. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, सपाट नऊ छोटे चमचे. कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसभराचा कोटा एका कॅनमध्ये संपला. म्हणून कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं, तर मी पेयांपासून म्हणते. तहान लागली की पाणी, एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत. रसातली धरतात, मग तो घरी काढलेला का असेना. तीन संत्री खायला मुलाला वेळ लागतो, त्यांचा रस दोन घोटांत संपतो.

जेवत नाही, पण दूध पोटभर पिते. तेवढंच समाधान.

हे समाधान महाग पडू शकतं. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जाऊ लागलं की जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. मूल गुटगुटीत दिसतं, पण रक्तात लोह कमी, म्हणून चिडचिड, थकवा, आणि पुन्हा भूक नाही. बाटली असेल तर कपावर या आणि दूध जेवणानंतर द्या. भूक दोन-चार दिवसांत बदलायला लागते.

जाता जाता : भूक नसण्यामागे बद्धकोष्ठताही असते आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. शौचाला त्रास होतो का, एवढं आधी बघा.

मोबाईल लावल्याशिवाय घास जात नाही.

घास जातो, पण मुलाला कळत नाही. काय खाल्लं, आवडलं का, पोट भरलं का, काहीच नाही. दिवसातल्या एका जेवणापासून सुरुवात करा, ज्या वेळी घरात शांतता असते तेव्हा. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल आणि खाणंही कमी होईल. निरोगी मूल त्याने खंगत नाही. मोठ्यांचे फोनही त्याच वेळी दुसऱ्या खोलीत, हे वेगळं सांगायला नको.

रोज किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं : ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, श्वास वाढेल अशी हालचाल. त्यात आठवड्यातून तीन दिवस तरी जोरकस खेळ आणि हाडं-स्नायू बळकट करणाऱ्या उड्या, चढणं, लोंबकळणं. ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० धावपळीची. १-२ वर्षांच्या मुलांनाही १८० मिनिटं, कशीही.

आकडे ऐकून दडपून जाऊ नका. साठ मिनिटं सलग लागत नाहीत. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली पकडापकडी, संध्याकाळची सायकल, सगळं मोजायचं. जोर ओळखायची सोपी खूण : बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम. चार शब्दांतच धाप लागते, तर जोरकस.

खेळाचा क्लास लावला आहे. तेवढं पुरेल ना?

एकदा जाऊन नुसतं घड्याळ लावून बघा. मुलाच्या फुटबॉलच्या सरावाला मी बाकावर बसून हे केलं होतं. तासाभरात रांगेत उभं राहणं, सूचना ऐकणं, बूट बांधणं, बाटली शोधणं. प्रत्यक्ष धावणं वीस मिनिटांच्या आत-बाहेर. क्लास वाईट नव्हता, कौशल्य शिकवायला वेळ लागतोच. पण आठवड्यातले दोन तास म्हणजे रोजची हालचाल नाही.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग इथल्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज १५ मिनिटं बाहेर नेऊन धावायला किंवा चालायला लावलं. वेगळे कपडे नाहीत, साहित्य नाही, स्पर्धा नाही. ‘डेली माईल’ या नावाने ती कल्पना पुढे कितीतरी देशांतल्या शाळांनी उचलली. तिच्यात मला आवडतं ते हे, की कुणी पहिलं येत नाही.

माझ्या मुलाला खेळच आवडत नाहीत. पुस्तकातला किडा आहे.

खेळ आवडत नाहीत, की हरणं आवडत नाही? की संघ निवडताना शेवटी उरणं? ‘आवडत नाही’च्या खाली बऱ्याचदा यातलं काहीतरी दडलेलं असतं. चेंडू झेलता येत नाही आणि सगळे बघताहेत, या परिस्थितीत मोठी माणसंही पळच काढतील.

माझा मोठा तसाच होता. चेंडू आला की डोळे मिटून हात पुढे करायचा. आम्ही मैदानाचा नाद सोडला. पाच महिने रोज संध्याकाळी घराच्या भिंतीवर मऊ चेंडू टाकायचा आणि झेलायचा, फक्त आम्ही दोघं. किती झेलले ते मोजायचं नाही, हे त्यानेच ठरवलं होतं. पुढे तो चेंडूच्या खेळात काही रमला नाही, पण पोहायला लागला. पाण्यात कोण पुढे कोण मागे ते फारसं दिसत नाही, हे त्याचं कारण.

पोहणं, सायकल, नाच, चढणं, दोरीच्या उड्या, कुत्र्याला फिरवणं, बागकाम : यातल्या कशालाही संघ लागत नाही. वाचणाऱ्या मुलाला ग्रंथालयापर्यंत चालत न्या. आणि ‘जा, जरा खेळ’ याऐवजी ‘चल, जाऊ’ म्हणून बघा. दम्याचं मूल असेल तर डॉक्टरांना विचारून योग्य औषधासह खेळू द्या, घरात बसवू नका.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली आणि खेळ सोडून बसली.

हे फार होतं, आणि नेमक्या चुकीच्या वेळी. उंची सर्वात वेगाने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. त्या काळात उड्या मारणं, धावणं हाडांसाठी ठेवीसारखं असतं.

कारण तिलाच विचारा, पण एकटीला. पाळीच्या दिवसांत घसरणारं पॅड, घट्ट न बसणारी अंतर्वस्त्रं, पांढरी विजार, कुणीतरी मारलेला शेरा : कारणं बहुतेक इतकी साधी असतात आणि सुटण्यासारखी असतात. मैत्रीण येत असेल तर तीही येते, हेही लक्षात ठेवा.

बाहेर न्यायला जागा नाही, वेळही नाही.

गाणं लावून तीन गाण्यांचा नाच, जिन्यावरून वर-खाली, गाद्यांवरून अडथळ्यांची शर्यत. दहा मिनिटांचे दोन तुकडे कुठेही बसतात. जमेल तेव्हा दिवसाउजेडी बाहेर मात्र काढा. उजेडात घालवलेल्या वेळामुळे जवळचंच दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते.

स्क्रीन आणि झोप?

२ ते ४ वर्षांपर्यंत स्क्रीन दिवसाला एक तासाच्या आत, त्याआधी नकोच. पुढे आकड्यापेक्षा स्क्रीनमुळे काय बुडतंय ते बघा. झोप बुडत असेल तर आधी ती सावरा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं, तेही गोड आणि तळलेलं, आणि कमी हलतं.

मुलाचं वजन जास्त आहे. डाएट करू का?

स्वतःच्या मनाने नाही. वाढत्या मुलाचं खाणं कापत नाहीत. बऱ्याच मुलांच्या बाबतीत वजन उतरवायचं नसतंच, ते काही काळ स्थिर ठेवून उंचीला पुढे जाऊ द्यायचं असतं. मुलांचं वजन मोठ्यांच्या तक्त्यावर जोखू नका. वय आणि लिंगानुसार वेगळे वाढीचे आलेख असतात, ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

बदल अख्ख्या घरासाठी करा. एकट्या ‘जाड्या’साठी वेगळं ताट म्हणजे शिक्षा. आणि शरीरावर शेरे बंद, गमतीतलेही. आरशासमोर स्वतःच्या पोटाला शिव्या घालणंसुद्धा. मुली ते अक्षरशः पाठ करतात.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. हळूच खाऊ देतात.

आठवड्यातून एकदा भेटत असतील तर सोडून द्या. एकाच घरात राहत असतील तर ‘देऊ नका’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या हाती दुसरं काहीतरी द्या : फळं चिरून देणं, संध्याकाळी बागेत नेणं. लाड करण्याची हौस भागली पाहिजे, ती कशानेही भागते.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

वजन घटत असेल किंवा वाढीचा आलेख खाली घसरत असेल. खाताना वारंवार ठसका लागत असेल, ओकारी येत असेल, गिळताना दुखत असेल. खाण्याचे प्रकार मोजके उरले असतील आणि त्यातलेही एकेक गळत असतील. मोठं मूल जेवण टाळत, लपवत असेल. खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलं, तर खेळ थांबवून आधी तपासणी.

खरं सांगू? मलाच भाज्या आवडत नाहीत.

मग तसंच सांगा. आमच्या घरी बाबांना वांगं आवडत नाही, हे मुलांना माहीत आहे. तरी ते एक फोड वाढून घेतात, चावतात आणि म्हणतात, ‘अजून नाही.’ गेली तीन वर्षं ‘अजून नाही’ चाललं आहे. परवा धाकटीने भोपळ्याचा तुकडा चघळला, विचार केला आणि त्यांच्याच सुरात तेच म्हणाली. मग तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि डाळ मागितली.